तीन कोटेशनं घेऊनही प्रकल्पाचं बिल का फुगतं?

गोरेगावच्या एका शिक्षणसंस्थेत प्रकल्प समन्वयक असलेल्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या दोन मजल्यांचं नूतनीकरण निघालंय. वर्गांना एसी, एक नवीन लिफ्ट, बाकं, कॉम्प्युटर लॅब, शिवाय सिक्युरिटी आणि हाऊसकीपिंगची नवी कंत्राटं. खरेदीचं काम अचानक त्यांच्या गळ्यात पडलंय. प्रत्येक गोष्टीला तीन कोटेशनं घेतात, सगळ्यात कमी दराला ऑर्डर देतात, तरी माल वेळेवर येत नाही आणि शेवटचं बिल ऑर्डरपेक्षा मोठंच असतं. चुकतंय कुठे, आणि एखादं सॉफ्टवेअर घ्यावं का?

ताई, तुमची खरेदी कोटेशनपासून सुरू होते, घोळ तिथेच आहे. कोटेशन मागवायच्या आधी दोन गोष्टी कागदावर पक्क्या हव्यात: नेमकं काय घ्यायचंय आणि ते साइटवर कोणत्या तारखेला हवंय. या जागा तुम्ही मोकळ्या सोडल्या की व्हेंडर त्या आपल्या सोयीने भरतो. त्याची किंमत तुम्हाला कळते ती ऑर्डर दिल्यानंतर, जेव्हा घासाघीस करायला हातात काही उरलेलं नसतं.

तारीख आधी घेऊ. शाळा जूनच्या मध्यावर भरते. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी वळवाची एखादी सर येतेच, म्हणून गच्चीवरचं आणि बाहेरच्या भिंतीचं काम मेअखेर आटपायला हवं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम सुट्टीचा काळ. नेमक्या त्याच दिवसांत सगळ्या मुंबईला एसी हवा असतो आणि एसी बसवणारे फोन उचलत नाहीत. सुतार-रंगारी लग्नसराईला गावी गेलेले असतात. त्याच्या आधी मार्चअखेर. तेव्हा प्रत्येक व्हेंडर वर्षाचा आकडा गाठायला बिल फाडून मोकळा होतो, माल मात्र एप्रिलमध्ये 'निघतोय' असतो. 'ऑर्डरपासून चार आठवडे' ही कोटेशनवरची ओळ या कॅलेंडरवर ठेवून बघा, मग तिची किंमत कळेल.

बाकांचंच उदाहरण घ्या. समजा ५ जूनला २०० बाकं वर्गात लागलेली हवीत. कारखान्यात बनायला पाच आठवडे. त्याआधी नमुन्याचं एक बाक मागवून, त्यावर मुलं बसवून, उंची आणि रंग पक्का करायला दोन आठवडे. ऑर्डर टाइप होऊन, सह्या होऊन बाहेर पडायला एक. कोटेशनं येऊन त्यांचा तुलनात्मक तक्ता व्हायला दोन. आणि विश्वस्तांची सभा महिन्यातून एकदाच होत असेल तर मंजुरीला चार आठवडे धरावेच लागतात. झाले चौदा आठवडे. मागे मोजत गेलात की फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा येतो. आणि यातला कारखान्याचा वाटा पाचच आठवड्यांचा आहे. बाकीचे नऊ तुमच्याच कार्यालयात जातात. आपल्याकडे उशीर म्हटला की बोट व्हेंडरकडे जातं. निम्म्याहून जास्त उशीर फाइल फिरण्यात झालेला असतो. म्हणून पहिलं काम हे करा: ठरावीक रकमेपर्यंतच्या ऑर्डरी सभेची वाट न बघता दोन सह्यांवर निघतील असा ठराव विश्वस्तांकडून करून घ्या. माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रकल्पात याच्याइतका वेळ दुसऱ्या कशानेही वाचणार नाही.

लिफ्टबद्दल स्पष्ट सांगतो. शाफ्टचं मोजमाप, ड्रॉइंगची मंजुरी, कारखान्यातलं उत्पादन, शाफ्टच्या तळाच्या खड्ड्याचं (पिटचं) बांधकाम, मग उभारणी, आणि शेवटी विद्युत निरीक्षकांची तपासणी व परवाना. परवान्याशिवाय ती चालवता येत नाही, मग आतले आरसे कितीही चकचकीत असोत. या उन्हाळ्यात लिफ्ट चालू करून देतो असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडून परवान्याच्या अर्जाची तारीख लेखी मागा. बहुधा परवाना दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लांबेल, आणि ते ठीकच आहे.

आता 'काय घ्यायचं'. पैसे इथे जातात, म्हणून जरा सविस्तर.

समजा दोन टनी २४ कॅसेट (छतात बसणारे) एसी घ्यायचेत. तीन कोटेशनं आली: अ १८.६० लाख, ब १६.७५ लाख, क १७.९० लाख. तुमच्या आत्ताच्या पद्धतीने ऑर्डर ब-ला जाईल. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात काय आहे ते वाचा. ब-च्या दरात प्रत्येक एसीमागे तीनच मीटर तांब्याचा पाइप आहे. पुढचा प्रत्येक मीटर ११०० रुपये. तुमच्या इमारतीत वर्ग रस्त्याच्या बाजूला आणि आउटडोअर युनिट मागच्या डक्टमध्ये. सरासरी ११ मीटर पाइप लागणार. जादा आठ मीटर गुणिले २४ म्हणजे १९२ मीटर, २ लाख ११ हजार २०० रुपये. आउटडोअरचे स्टँड वेगळे, दीड हजाराप्रमाणे ३६ हजार. माल उतरवून वर चढवणं 'पार्टीकडे', धरा ३० हजार. ब गेला १९ लाख ५२ हजारांवर. क-मध्ये पाइप आठ मीटरपर्यंत आहे आणि स्टँड धरलेत, चढवणं नाही. तो येतो सुमारे १८ लाख ९९ हजारांवर. अ-मध्ये सगळं आलंय. म्हणजे सगळ्यात महाग दिसणारा सगळ्यात स्वस्त निघाला, आणि तुम्ही ज्याला ऑर्डर देणार होतात तो सगळ्यात महाग. ब लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याने लिहिलंय सगळं. तुम्ही विचारलं मात्र नाहीत.

याला उपाय एकच. कोटेशनचा नमुना तुम्ही द्यायचा. एक तक्ता करा: एसी नग, पाइप मीटरमध्ये, ड्रेन पाइप मीटरमध्ये, स्टँड नग, भिंतीला होल नग, चढवणं-उतरवणं, चाचणी. प्रमाण तुम्ही भरून द्या, दर त्यांनी भरायचा. त्यांच्या लेटरहेडवरचं छापील कोटेशन सोबत जोडू द्या, पण तुलना तुमच्याच तक्त्यावर. जो हा तक्ता भरायला कुरकुरतो त्याची माहिती तुम्हाला आयतीच मिळाली.

या तक्त्यात कुणाच्याच वाट्याला न येणारी कामंही लिहा. एसीपर्यंतचा वीज पॉइंट कोण देणार, फॉल्स सीलिंग कापून परत कोण जोडणार, होलमधला राडारोडा कोण उचलणार. आणि एक मोठं काम: २४ एसी म्हणजे पन्नासेक किलोवॅटचा भार वाढतो. वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, त्याला अर्ज आणि वेळ लागतो. एसी बसले आणि सगळे एकदम लावता येत नाहीत अशी इमारत मुंबईत शोधायला लांब जावं लागणार नाही.

जीएसटीचं एक. शाळेच्या शिक्षणसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट तुम्हाला मिळत नाही. तो सरळ खर्च आहे. म्हणून तुलना नेहमी करासकट करा. वरच्या उदाहरणात १८ टक्के धरले तर अ आणि ब मधला फरक लाखाच्या वर जातो. आणि दर तपासून घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि सिमेंट दोन्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आलेत. जुनं कोटेशन तारीख बदलून पाठवणाऱ्यांच्या कागदावर अजून २८ दिसू शकतात.

माल उतरवणं हा आमच्या मुंबईचा खास विषय आहे. जकात १ जुलै २०१७ ला गेली, दहिसर-मुलुंडच्या जकात नाक्यांवर ट्रक अडकून पडायचे दिवस संपले. पण गेटपासून चौथ्या मजल्यापर्यंतचा प्रवास तसाच राहिला. अवजड वाहनांना दिवसा बंदीचे तास असतात, म्हणून भिवंडीच्या गोडाउनमधून निघालेला ट्रक घोडबंदर रोडची कोंडी पार करून रात्री पोचतो. उतरवायला कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदलेली टोळी असेल तर तिचा दर आणि माथाडी मंडळाची लेव्ही (मजुरीवरची जादा आकारणी) कुणी भरायची हे ऑर्डरमध्ये लिहा. 'डिलिव्हरी साइटपर्यंत' एवढंच लिहिलंत तर साइट म्हणजे त्याच्या दृष्टीने गेट. 'दुसऱ्या मजल्यावर, वर्गात, जागेवर लावून' असं लिहायचं.

मग काय होतं बघा. रात्री साडेअकराला टेम्पो येतो. वॉचमन झोपेतून उठतो. ड्रायव्हर घाईत, त्याला पहाटेच्या आत मुंबईबाहेर निघायचंय. चलान पुढे करतो, वॉचमन शाळेचा शिक्का मारून सही ठोकतो. सकाळी मोजता तर खोकी ४६, चलानवर ४८. आता भांडा. त्या सहीने माल तुमच्या ताब्यात आला. म्हणून आत्तापासून नियम करा: शिक्का वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये राहणार नाही. रात्री माल आलाच तर वॉचमनने फक्त खोकी मोजून आकडा लिहायचा आणि खाली 'न तपासता घेतला' असं लिहून नाव-वेळ टाकायची. दुसऱ्या दिवशी खोकी उघडून, मॉडेल आणि सीरियल नंबर ऑर्डरशी ताडून माल-पावती तुम्ही करायची. बिल पास होईल ते त्या पावतीवर, चलानवर नाही. ही एक सवय लागली की 'बिलात माल आहे, जागेवर नाही' हा प्रकार जवळपास थांबतो.

तीन कोटेशनांच्या प्रथेबद्दलही बोलायला हवं. कागदावर ती छान दिसते. प्रत्यक्षात बऱ्याचदा तिन्ही कोटेशनं एकाच माणसाने आणून दिलेली असतात. ओळखणं अवघड नाही: 'इन्स्टॉलेशन'चं स्पेलिंग तिघांचंही एकाच ठिकाणी चुकलेलं, तिन्ही ईमेल दहा मिनिटांच्या अंतराने, फरक बरोबर पाच आणि दहा टक्क्यांचा. असे तीन कागद फाइलला लावण्यापेक्षा खरी दोन बरी. आणि एखादी वस्तू एकच कंपनी देत असेल, जसं जुन्या लिफ्टचे सुटे भाग, तर खोटी स्पर्धा उभी न करता सरळ लिहा की पुरवठादार एकच आहे, कारण हे, आणि दर मागच्या खरेदीशी ताडला. ऑडिटरला ते जास्त पटतं.

सुटे वायर, स्विच, प्लंबिंगचा किरकोळ माल यासाठी मात्र ही सगळी कसरत नको. दक्षिण मुंबईच्या लोहार चाळीत किंवा नागदेवीच्या बाजारात दर विचारून एक वार्षिक दरपत्रक करा आणि लागेल तसं मागवा. केबल मात्र अधिकृत डीलरकडूनच, बिल आणि टेस्ट सर्टिफिकेटसह. नकली केबल भिंतीत गेली की शोधता येत नाही.

ऑर्डरमध्ये पैशांच्या टप्प्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. 'माल पोचल्यावर ९० टक्के' ही ओळ दिसली की समजा, बसवायला तो त्याच्या सवडीने येणार. मी एसीसारख्या कामाला साधारण असं ठेवतो: १० टक्के अॅडव्हान्स, माल तपासून घेतल्यावर ५०, बसवल्यावर २०, चाचणी होऊन हस्तांतर झाल्यावर १५, आणि ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे राखून ठेवलेली रक्कम, दोष-दायित्व कालावधी (ज्यात निघालेले दोष त्यानेच दुरुस्त करायचे) संपल्यावर. मोठा अॅडव्हान्स मागितला तर बँक गॅरंटी घ्या, आणि ती खरी आहे का हे तिच्यावरच्या फोन नंबरवर न विचारता थेट बँकेच्या शाखेकडून खातरजमा करून घ्या.

उशिराचा दंड लिहा, आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच, असा काही. पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारातली रक्कम ही वरची मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई. शिवाय जागाच तयार नसेल तर दंड उभा राहत नाही. व्हेंडर हुशार असतो. बरोबर डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी तो साइटचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतो: 'सीलिंग झालेलं नाही, काम सुरू करता येत नाही'. तुम्ही उत्तरादाखल अंगठ्याची इमोजी टाकून मोकळे होता. दंड गेला. अशा प्रत्येक मेसेजला त्याच दिवशी लेखी उत्तर द्या: कोणते वर्ग तयार आहेत, कोणते कधी होतील.

बिल फुगण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे तोंडी सूचना. विश्वस्त शनिवारी चक्कर मारायला येतात. 'अहो, इथे अजून दोन पॉइंट टाका', 'हा रंग जरा गडद करा'. कंत्राटदार लगेच करतो, कारण जादा कामाचा दर ठरलेला नसतो आणि तो नंतर त्याच्या मनाप्रमाणे लागतो. मूळ ऑर्डरमध्येच जादा कामांचं दरपत्रक घाला: एक पॉइंट किती, एक मीटर पाइप किती, चौरस फूट रंग किती. आणि तुमच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय जादा कामाचं बिल पास होणार नाही हे विश्वस्तांसमोरच कंत्राटदाराला सांगा. दोघांनाही ऐकू जायला हवं.

सेवांच्या कंत्राटाला हाच हिशेब, फक्त मोजायची वस्तू दिसत नाही. सिक्युरिटीचं घ्या. गेटवर चोवीस तास एक माणूस म्हणजे आठवड्याला आठ-आठ तासांच्या २१ पाळ्या. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करणार. म्हणजे सुट्ट्या, आजारपण न धरताच साडेतीन माणसं लागतात. एजन्सीने 'दोन गार्ड' असं लिहून दर कमी दिला असेल तर ते बारा-बारा तास सुट्टीशिवाय राबणार, आणि रात्री तीनला गेटवर तुम्हाला झोपलेलाच माणूस मिळणार. एका माणसाच्या दराची फोड मागा: किमान वेतन, मालकाचा पीएफ १२ टक्के, ईएसआयसी (कामगार विमा) लागू असेल तिथे ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के, रजा, गणवेश, मग एजन्सीचं सेवाशुल्क. एजन्सीचा दर या बेरजेच्या खाली येत असेल तर कुणाचा तरी पगार किंवा पीएफ मारला जातोय, आणि तक्रार झाली की मूळ मालक म्हणून दार तुमचंच वाजणार. म्हणून दरमहा बिलासोबत मागच्या महिन्याची पीएफ-ईएसआयसीची चलानं आणि पगार बँकेत जमा झाल्याची यादी मागा. नसेल तर बिल थांबवा. मुंबईत गार्ड घेताना ते सुरक्षा रक्षक मंडळाचे तरी असावेत, किंवा परवाना असलेल्या एजन्सीचे, ज्यांना १९८१ च्या खाजगी सुरक्षा रक्षक कायद्यातून सूट मिळालीय. हाऊसकीपिंगला माणसं मोजण्यापेक्षा काम मोजा: किती स्वच्छतागृहं, दिवसातून किती वेळा, साबण-फिनाइल कुणाचं.

आता उलट बाजू. दर पाडून घेणारे, तक्ते भरायला लावणारे आपण, पण पैसे कधी देतो? विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक वा सेवा देणारा असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत, पैसे द्यावे लागतात; करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. तुमच्या बाकांचा वसईचा वर्कशॉपवाला बहुतेक याच गटात येईल, म्हणून ऑर्डर देतानाच प्रत्येकाचा उद्यम नोंदणी क्रमांक घेऊन ठेवा. व्याजापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे बाजारात नाव होतं. ज्या संस्थेचा चेक तीन महिने फिरतो तिला प्रत्येकजण दरात ते तीन महिने लावूनच देतो, आणि मेमध्ये दोन गिऱ्हाइकांपैकी एकाचंच काम करायचं असलं की कुणाचं करायचं हे त्याला विचार न करता कळतं.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. तुमच्या आकाराला आत्ता नको. एक एक्सेल पुरे: वस्तू, साइटवर हवी ती तारीख, त्यावरून मागे मोजून कोटेशन, मंजुरी, नमुना आणि ऑर्डर यांच्या तारखा, प्रत्येकीपुढे एकाच माणसाचं नाव, ऑर्डरची रक्कम, मंजूर जादा काम, दिलेले पैसे, रिटेन्शन कधी सोडायचं. दर सोमवारी वीस मिनिटं, फक्त ज्या तारखा हुकल्यात त्या ओळींवर. संस्थेच्या चार-पाच शाळांची कामं एकदम सुरू झाली आणि तोच व्हेंडर दोन ठिकाणी दोन दर लावताना सापडला, की सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवा. तेही तुमच्या तक्त्यात भरून, वार्षिक देखभाल आणि ट्रेनिंग धरून.